तीन डिग्रीचा फरक

माझं नाव मुन्नालाल. गावात मला या नावानं कोणी ओळखत नाही, 'हवामान खातं' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागून. मला ऐकू येतं, कान अजून शाबूत आहेत. एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात काढली, चोरखमाऱ्याच्या तलावावर. सकाळी सहाला पट्टीवर पाणी किती ते पाहायचं, रात्री पाऊस किती पडला ते मापायचं, रजिस्टरात लिहायचं आणि खाली सही ठोकायची. एकतीस वर्षांत सकाळची नोंद मी कधी दुपारी केली नाही. मग रिटायर झालो. दुसऱ्या दिवशी सहाला उठून खाटेवर बसलो, तर मोजायला काहीच नाही. माणसाला वेड लागायची पाळी येते, खरं सांगून राहिलो.

म्हणून गोंदियाला गेलो आणि थर्मामीटर घेऊन आलो. घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला, वळचणीखाली, डोळ्यांच्या उंचीवर खिळा ठोकून टांगला. तिथं उन्ह लागत नाही, पावसाचा शिंतोडा येत नाही, पोरासोरांचा हात पोचत नाही. जागा हेरायलाच मी दोन दिवस घालवले होते. मग एक वही केली. त्यात चार रकाने. तारीख, उद्याची थंडी म्हणून मोबाईलनं आदल्या संध्याकाळी सांगितलेला आकडा, सकाळी सहाला माझ्या पाऱ्यावर दिसलेला आकडा, आणि दोघांतला फरक.

लोकांना वाटतं म्हाताऱ्याचा टाइमपास आहे. कसला टाइमपास? गवळ्यानं दुधात पाणी घातलं तर आपण दारात उभं राहून त्याचा उद्धार करतो. इथं एवढा मोठा मोबाईल रोज सांगतो की उद्या आठ डिग्री, परवा नऊ डिग्री, आणि दुसऱ्या दिवशी एक माणूस विचारत नाही की बाबा, कालचे आठ खरोखर आठ होते का? सांगणारा सांगून मोकळा, ऐकणारा स्वेटर घालून मोकळा. कोणीतरी तपासायला नको?

तर मी तपासलं. सहा हिवाळे तपासलं. आणि काय निघालं ते ऐका. उन्हाळ्यात मोबाईल बरोबर. पावसाळ्यात जवळपास बरोबर. पण नोव्हेंबर लागला की याचं डोकं फिरते. तो आठ म्हणतो तेव्हा माझा पारा अकरावर असतो. तो दहा म्हणतो, माझ्याकडे तेरा. फेब्रुवारी सरला की पुन्हा ताळ्यावर. एका वर्षी असं झालं असतं तर मी सोडून दिलं असतं, पण सहाही वर्षं तेच, तीन डिग्रीचा फरक. मी स्पष्ट निष्कर्ष काढला की कुठंतरी एसीत बसून हवामान सांगणाऱ्या या लोकांना आपल्या भागातली थंडी कळतच नाही.

हे मी एका पेपरला लिहून पाठवलं, वहीच्या झेरॉक्ससकट. छापलं नाही. मोबाईलवाल्यांना नातवाकडून इंग्रजीत कळवलं. तिकडून मशीनचं उत्तर आलं, की तुमचं मत आम्हाला मोलाचं वाटतं. डोकं असं तापलं म्हणता. चौकात दुलीचंदच्या चहाच्या टपरीवर वही घेऊन गेलो, समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कप विसळला आणि विचारलं, "ते सगळं ठीक हाय काकाजी, पन पानी येईल का ते सांगा नं." सहा वर्षांच्या मेहनतीची ही किंमत. माझी बायको शामकला तर सरळ म्हणायची, की नाचता येईना अंगण वाकडं, तुमचाच काटा बिघडला असेल. मी तिच्याशी या विषयावर बोलणंच बंद केलं.

एकच माणूस होता ज्यानं वही हातात घेऊन पहिल्या पानापासून वाचली. माझी सून, दामिनी. मुलगा प्रफुल तिरोड्याला पॉवर प्लांटमध्ये कंत्राटी कामावर आहे, पहिल्या पाळीला पहाटे निघतो. त्याला घरचं काही विचाराल तर 'दामिनीले विचारा' म्हणतो, आणि ते बरोबरच आहे, कारण घर तीच चालवते. तिचं माहेर देवरीकडचं. डोकं तल्लख. तिनं माझ्या वहीतले आकडे मोबाईलवर टाकून सरासरी काढली आणि मला म्हणाली, मामाजी, फरक दोन पॉइंट नऊ येऊन राहिला, तुम्ही तीन म्हणता ते बरोबर आहे. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझे डोळे भरून आले. मी कांदा चिरत नव्हतो.

या वर्षी तिच्या बचत गटानं चार एकर बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, ठेक्यानं घेतल्या, उन्हाळी धान करायला. गटात दहा बाया. अध्यक्ष प्रेमिला. तिचं घर आमच्या मागच्या गल्लीत, ती मला भाऊजी म्हणते आणि बोलायला फटकळ आहे. पण धावपळ सगळी दामिनीची. नहराच्या पाण्याचा अर्ज तिचा, ट्रॅक्टरवाल्याला गाठणं तिचं, आणि बियाणंही तिनंच आणलं, देवरीहून, तिच्या भावाकडून. भुपेंद्र त्याचं नाव. तो बियाण्यासाठीच धान पिकवतो. बहिणीचा गट आहे म्हणून त्यानं एक एक बोरी उघडून, निवडून पाठवली होती, आणि गरजेपेक्षा अर्धी बोरी जास्त. माहेरचा माल आणला म्हणून एक-दोघी कुजबुजल्या. प्रेमिलानं त्यांना गप्प केलं आणि दामिनीला सांगितलं, की जबाबदारी तुझी.

उन्हाळी धानाचं सगळं पऱ्ह्यांवर असते. आधी एका लहान बांधीत बी टाकून रोपं करायची, तीच आमची पऱ्हे, आणि मग ती उपटून रोवायची. पण थंडीत बी उगवत नाही, जमिनीतच बसून राहते. म्हणून लोक बी भिजवतात, बारदान्यात दाबून मोड आणतात, मग टाकतात, रात्री वरून प्लास्टिकची पन्नी झाकतात. नाहीतर जानेवारीपर्यंत थांबतात. आणि थांबलं की शेवटी नहराचं पाणी बंद व्हायच्या वेळी धान ओंबीत असते. डिसेंबरच्या मध्यावर गटात हाच वाद सुरू होता. मोबाईल म्हणत होता, पुढचे दहा दिवस नऊ डिग्री. प्रेमिला म्हणत होती, मोड आणून, पन्नी झाकून टाकू, नाहीतर थांबू. दामिनी घरी आली आणि तिनं मला विचारलं.

मला विचारलं, ते माझ्या मुलानं कधी विचारलं नव्हतं, पेपरवाल्यांनी नाही, कोणी नाही. मी वही घेऊन थेट त्यांच्या बैठकीत गेलो. सांगितलं, मोबाईल नऊ म्हणतो म्हणजे खरे बारा. सहा वर्षांचा पुरावा आहे. बारा डिग्रीला धान उगवते. मोड आणायची कटकट कशाला, पन्नीचा खटाटोप कशाला, कोरडंच टाका आणि पाणी द्या. प्रेमिलानं तोंड वाकडं केलं. पण दामिनी ठाम उभी राहिली. मामाजीच्या वहीत चूक नसते, म्हणाली. बायांनी तिच्या शब्दावर बी टाकलं. मी घरी आलो आणि शामकलाला मुद्दाम ऐकू जाईल असा खाकरलो.

दहा दिवस गेले. बांधीत चिखल जसाच्या तसा. कुठं कुठं सुईएवढे पिवळे कोंब, बाकी बी तसंच पडलेलं, बोटानं उकरलं की हाती येत होतं. मी रोज जाऊन पाहत होतो आणि रोज वाटत होतं की उद्या उगवेल. पंधराव्या दिवशी, शनिवारी, बाया बांधीच्या धुऱ्यावर जमल्या आणि तिथंच ठरलं, की बी जुनं आहे. भावाच्या घरी पडून असलेला माल बहिणीनं गटाच्या गळ्यात मारला. दामिनी संध्याकाळी घरी आली ती जेवलीच नाही. मला म्हणाली, मामाजी, थंडीनं तर नसेल झालं? आणि मी, जगातला सगळ्यात शहाणा माणूस, तिला काय म्हणालो? म्हणालो, थंडी कुठं आहे, रोज बारा दिसून राहिले पाऱ्यावर. बियाण्यातच खोट असेल. वही खोटं बोलत नाही.

ती मान हलवून आत गेली.

पण मला झोप येईना. भुपेंद्रला मी ओळखतो. तो पोरगा सडकं बी देणाऱ्यातला नाही. म्हणून सोमवारी सकाळी मी पारा खिळ्यावरून काढला, मफलर गुंडाळला आणि पऱ्ह्यांच्या बांधीत जाऊन काडीला टांगून उभा राहिलो. पंधरा मिनिटं. पारा सातवर. मी म्हटलं, ठीक आहे, ही खोलगट जागा, बाजूला नहराचं पाणी, इथं जास्त थंडी असणारच. घरी आलो. उगीच मनात आलं म्हणून अंगणाच्या मधोमध खाटेच्या पायाला टांगला. पंधरा मिनिटं. साडेसात. मग उत्तरेच्या भिंतीला, नेहमीच्या खिळ्यावर टांगला आणि समोर उभा राहिलो. तो माझ्या डोळ्यांसमोर चढला. आठ, नऊ, दहा, साडेदहाला थांबला. अंगण आणि भिंत, मध्ये दहा पावलं.

मी भिंतीला हात लावला. भिंत कोमट होती.

आता हसायचं असेल तर हसा. त्या भिंतीच्या पलीकडे आमची न्हाणी आहे. न्हाणीत त्याच भिंतीला टेकून भुशाची शेगडी असते. आमच्याकडे राइस मिलचा धानाचा भुसा पाहिजे तेवढा मिळतो. लोखंडी डब्यात मधोमध बाटली उभी करून चहूबाजूंनी भुसा ठोकून भरायचा, बाटली काढायची, संध्याकाळी खालून विस्तव लावायचा आणि वर पाण्याचा गुंड ठेवायचा. ती शेगडी पेटत नाही, रात्रभर धुमसते. पहाटे प्रफुल पाळीला निघतो तेव्हा पाणी कढत असते. मी शामकलाला सहज विचारल्यासारखं विचारलं, की शेगडी कधीपासून लावता? ती म्हणाली, दिवाळी झाली की लावतो, फेब्रुवारी सरला की बंद करतो. कायले?

काही नाही, म्हटलं.

सहा हिवाळे मी त्याच शेगडीवरच्या पाण्यानं आंघोळ केली, मग टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन त्याच भिंतीवरचा पारा वाचला. जागा हेरताना मी उन्ह पाहिलं, पाऊस पाहिला, पोरांचे हात पाहिले. भिंतीमागं काय आहे ते पाहिलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मोबाईल सहा वर्षं खरं सांगत होता. सहा वर्षं मी माझ्या न्हाणीच्या भिंतीची गरमी मोजली, एकतीस वर्षांची सवय लावून, तारीख घालून, सही करून. त्या दिवशी मला माझाच एवढा राग आला की वही चुलीत टाकावी असं वाटलं. तेही जमलं नाही.

लगेच उठून दामिनीला सांगायला पाहिजे होतं. घरात तर होती ती, पीठ मळत होती. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि चहा मागून परत आलो. मंगळवारी ठरवलं की आज सांगतो, बुधवारी ठरवलं की आज सांगतो. मनात म्हणायचो, गटाचं भांडण आपोआप निवळेल, बायांचं काय, चार दिवस बोलतात. मूग गिळून बसलो. लाज वाटत होती हो, दुसरं काय. गावभर ज्या वहीचे गोडवे गायले तिचं काय करू? दुलीचंद काय म्हणेल, शामकला काय म्हणेल, यातच तीन दिवस गेले.

गुरुवारी दुपारी प्रेमिलाच्या अंगणात गटाची बैठक होती. दामिनी जाताना म्हणाली, की आज मी गटातून नाव काढून घेते, बाया म्हणतील ते ऐकून घेते. तिचं तोंड उतरलेलं होतं. ती गेली आणि मी पंधरा मिनिटं खाटेवर बसून राहिलो. मग वही घेतली, चप्पल घातली आणि तिच्या मागं गेलो.

बैठकीत एक बाई बोलत होती, की ज्यांचे भाऊ बियाण्याचा धंदा करतात त्यांना गटात ठेवूच नये. दामिनी खाली मान घालून नखानं चटई उकरत होती. मी मध्येच उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. शेगडी सांगितली, भिंत सांगितली, बांधीतले सात डिग्री सांगितले. बी चांगलं आहे, म्हटलं. कोरडं टाका म्हणून मी सांगितलं, पन्नी नको म्हणून मी सांगितलं, थंडी होती आणि मला ती दिसली नाही. चूक माझी आहे. बोलताना घाम फुटला होता मला, जानेवारीच्या तोंडावर.

बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. प्रेमिला हसली नाही. ती म्हणाली, "भाऊजी, सुनेसाठी येवढा कमीपना घेऊन राहिले, चांगली गोष्ट आहे. असा सासरा सगळ्यायले भेटो. पन आमाले लहान पोरी समजू नका."

म्हणजे पाहा. सहा वर्षं ओरडून सांगितलं की वही खरी आहे, दामिनी सोडून एकानं मानलं नाही. आज स्वतःच्या तोंडानं सांगतो की वही खोटी आहे, तर तेही मानायला तयार नाहीत. मी चिडलो. म्हटलं, बी आणा. अर्धी बोरी उरली आहे, त्यातलं आणा, आणि तुमच्या हातानं आणा. दोन मुठी घ्या, दोन ओल्या फडक्यांत बांधा. एक पुरचुंडी, प्रेमिलाबाई, तुझ्या चुलीजवळ ठेव आणि एक तुझ्या टिनाच्या छपरावर, उघड्यावर. दोन्ही रोज भिजवत राहा. मी तुमच्या गल्लीत फिरकणार नाही. बी मेलेलं असेल तर दोन्हीकडे सडेल. प्रेमिलानं उठून आपल्याच घरात ठेवलेली बोरी स्वतः उघडली, फडक्यांना गाठी मारल्या आणि गाठीत आपल्या बांगडीचा तुकडा अडकवला, कोणी सोडली तर कळावं म्हणून. अशी बाई आहे ती.

बैठकीतून आम्ही दोघं मागं-पुढं घरी आलो. दामिनी वाटेत एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं, धक्का बसला असेल, बोलेल सावकाश. चार दिवस थंडीनं मागं हटायचं नाव घेतलं नाही. मी पारा अंगणातल्या खाटेलाच टांगून ठेवला होता. मोबाईल साडेसात म्हणायचा, पारा साडेसात दाखवायचा. मोबाईल आठ, पारा आठ. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की दोघं जुळले आणि मला शिवी द्यावीशी वाटली.

सोमवारी सकाळी प्रेमिला स्वतः आमच्या दारात आली, दोन्ही पुरचुंड्या घेऊन. अंगणात दामिनी झाडत होती, मी खाटेवर बसलो होतो. प्रेमिलानं आमच्यासमोर गाठी सोडल्या. टिनावरचं बी फुगून बसलं होतं, पण मोड नाही. चुलीजवळच्या बियाला दाण्या दाण्यातून पांढरे शुभ्र मोड आले होते, एकमेकांत गुंतलेले.

"बी चांगलं आहे," ती म्हणाली, "तुमीच खराब निंघाले, भाऊजी."

मग ती दामिनीकडे वळली आणि तिच्याशी बराच वेळ बोलली. बायांच्या वतीनं बोलली, की झालं ते झालं, आजच उरलेलं बी भिजवू, मोड आणून टाकू, कमी पडेल तेवढं विकत घेऊ, पन्नी बाया आपापल्या घरून आणतील. रोवणी तीन-चार आठवडे मागं जाईल, पण नहराचं पाणी बंद व्हायच्या आत बसेल कसंतरी. नाव काढायची भाषा पुन्हा करू नको म्हणाली. आणि जाता जाता, थंडी किती आहे ते मोबाईलवर पाहत जा, असं माझ्याकडे न पाहता म्हणाली. दामिनीनं हो म्हटलं.

मला वाटलं, मिटलं. अब्रू गेली माझी, पण पोरीचं नाव राहिलं. मी खाटेवरून उठणार तेवढ्यात दामिनी झाडू बाजूला ठेवून माझ्यासमोर आली. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"मामाजी, भिंतीचं तुमाले कवा समजलं?"

मी म्हणू शकलो असतो की गुरुवारी. त्याच दिवशी समजलं आणि तसाच उठून आलो. कोणाला कळलं असतं? पण तारीख खोटी सांगायला माझी जीभ वळत नाही.

"मांगच्या सोमवारी," मी म्हटलं. "सकाळी."

ती उभी राहिली. ओठ हलत होते, मनातल्या मनात दिवस मोजत असावी.

"मी मंगळवारी भुपेंद्रले फोन केला," ती म्हणाली. "संध्याकाळी. तुमी इथंच होते, खाटेवर. त्याले म्हनलं, तू माहं नाक कापलं. सडकं बी देऊन दहा बायांत माही इज्जत काढली. तो म्हने, ताई, मी दाना दाना निवडून देल्ला, तुही शपथ. मी म्हनलं, माह्या मामाजीची वही खोटं बोलत नाई, तूच खोटा आहे. पुन्हा माह्या दारात पाय ठेवू नको. बाबानं फोन घेतला मधात, तर त्यायलेही बोलली."

ती रडत नव्हती. ते जास्त वाईट होतं. मंगळवारी संध्याकाळी मी खाटेवर बसून हेच ठरवत होतो, की उद्या सांगू. दहा पावलांवर ती फोनवर बोलत होती आणि मला वाटलं, माहेरचं काही बोलत असेल.

"तुमी सोमवारीच सांगतलं असतं," ती म्हणाली.

मी खिशातून मोबाईल काढला. चष्मा नव्हता, तरी भुपेंद्रचा नंबर शोधला आणि लावला. दोन वेळा पूर्ण वाजून बंद झाला. तिसऱ्या वेळी उचलला. बोला बाबूजी, म्हणाला, एकदम कोरड्या आवाजात. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बैठकीत सांगितलं तसं नाही, तिथं मी आधी शेगडी सांगितली होती. इथं आधी सांगितलं की मला सोमवारी माहीत होतं आणि मी गप्प बसलो, आणि तुझ्या बहिणीनं मंगळवारी तुला जे म्हटलं ते माझ्या भरवशावर म्हटलं. बेटा, तुझं बी सोन्यासारखं आहे, म्हटलं. तिकडून कुठंतरी ट्रॅक्टर चालू असल्याचा आवाज येत होता.

मग तो म्हणाला, "ताई आहे तिथं?"

मी फोन दामिनीपुढे धरला. तिनं फोनकडे पाहिलं, पदराला हात पुसले, पुन्हा पुसले आणि हात पुढं केला नाही.

"कोन्या तोंडानं बोलू मी त्याच्याशी?" ती म्हणाली.

ते त्याला ऐकू गेलं असावं. तिकडून तो ताई, ताई म्हणून हाका मारत होता, आणि ती फोन घेत नव्हती.